सांगलीतून नेपाळ-भूतान: स्वतःच्या गाडीत राहून, कमी पैशांत

गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं आणि एकामागून एक देश ओलांडत जायचं असं मनात असेल, तर सगळ्यात आधी देश ठरवा. ते ठरवताना स्वतःच्या व्हिसापेक्षा गाडीच्या कागदांचा विचार जास्त करा. माणूस तिकीट काढून कुठंही उतरतो. एमएच-10 (सांगली) किंवा एमएच-11 (सातारा) ची पाटी लावलेली गाडी मात्र सीमेपलीकडच्या कस्टमच्या लेखी बाहेरून आलेला माल असते. तो माल त्यांच्या देशात विकला जाणार नाही, परत जाईल, याची हमी त्यांना हवी असते. ही हमी जिथं स्वस्तात देता येते, तिथला प्रवास स्वस्त पडतो. डिझेल, जेवण, मुक्काम यांचा हिशेब त्यानंतरचा.

त्या हिशेबानं नकाशा पाहिला की पर्याय भराभर गळतात. पश्चिमेला पाकिस्तानातून वाट नाही. पूर्वेला मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारा रस्ता म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावापासून भरवशाचा राहिलेला नाही. तिबेटमधून जायचं तर चिनी एजन्सीचा गाइड सतत सोबत लागतो, शिवाय गाडीला आणि चालकाला तिथले तात्पुरते परवाने काढावे लागतात. हा खर्च एकट्या गाडीला झेपणारा नाही. उरतात नेपाळ आणि भूतान. दोन्हीकडं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि आपली गाडी तिथल्या सीमाचौकीवर पैसे भरून आत जाते. पहिल्या लांबच्या प्रवासाला हेच दोन देश घ्या, असं माझं ठाम मत आहे.

कार्नेट म्हणजे काय

इराण किंवा बांगलादेशसारख्या देशांत गाडी न्यायची तर कार्नेट लागतं. हा गाडीचा पासपोर्ट समजा. प्रत्येक देशात शिरताना एक पान फाडतात, बाहेर पडताना दुसऱ्यावर शिक्का मारतात. आपल्याकडं ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था देतात. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात मोठी बँक गॅरंटी किंवा ठेव अडकवावी लागते. परतीचा शिक्का राहिला तर ती रक्कम धोक्यात येते. नेपाळ-भूतानला यातलं काहीच लागत नाही, म्हणून कार्नेटच्या मागं आत्ताच धावू नका.

गाडी कोणती, आणि तिच्यात किती करायचं

दोघांसाठी मारुती ईको पुरते, चौघांसाठी टाटा विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलर. नवीन घ्यायची गरज नाही. नेपाळच्या रस्त्यावर ईको आणि बोलेरोसारख्या गाड्यांचं काम येणारा मिस्त्री आणि सुटे भाग सहज मिळतात. हा मुद्दा एसीपेक्षा आणि गुळगुळीत सीटपेक्षा महत्त्वाचा आहे. सीएनजीवर विसंबून राहू नका, सीमेपलीकडं ते मिळणार नाही. पिवळी पाटी असलेली गाडी टाळा, कारण तिला परवान्यांचा वेगळा व्याप मागं लागतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती गोष्ट. उत्साहाच्या भरात लोक कुपवाडच्या एमआयडीसीत जातात, सीट काढून टाकतात, छत कापून उंच करतात, आत वेल्डिंग करून पलंग बसवतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसीवर नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पूर्ण कॅम्परव्हॅनच हवी असेल तर आधी आरटीओत विचारा, मान्यता घ्या, आरसीवर तशी नोंद करून घ्या.

कमी पैशांत करायचं तर याची गरजच पडत नाही. सुतारानं बनवलेली, उचलून बाहेर काढता येणारी प्लायवूडची दोन खोकी पुरेशी असतात. वरच्या झाकणांची फळी मिळून पलंग होतो, खाली सामान राहतं. 12 मिमीचं प्लाय घ्या. 18 चं घेतलं तर मजबुती वाढते, पण वजनही दीडपट होतं. खोकी जागेवर राहावीत म्हणून सामान बांधायचे पट्टे वापरा, बॉडीला भोक पाडू नका. झोपण्याची लांबी ठरवताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला गाडीत प्रत्यक्ष आडवं करा, टेपवर विसंबू नका.

वजनाचं म्हणाल तर अंदाज अजिबात चालत नाही. पाणी, गॅस, बॅटरी, कपडे, माणसं असं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या वाटेवर काटे पावलोपावली आहेत, दहा मिनिटांत पावती हातात येते. ती पावती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल भारवजनाशी ताडून पाहा. ईकोसारख्या छोट्या गाडीत चार जण आणि घरभर सामान भरलं की ती मर्यादा सहज गाठली जाते. मग घाटात ब्रेक तापतात, टायर फुगवट्यावर येतात. शक्य असेल तर पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा आणि मागची ठेवून एकदा वजन करा. सगळा भार मागं गेला असेल तर पाण्याचे जार पुढच्या सीटच्या मागं सरकवा. 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो. दोघांना एका वेळी 20 लिटर पुरतं, वाटेत भरता येतं.

वीज, गॅस आणि हवा

विजेचा हिशेब कागदावर करा. 20 वॉटचा डीसी पंखा रात्रभर 8 तास चालला तर 160 वॉट-तास होतात. छोटा डीसी फ्रीज दिवसाला साधारण 400 ते 450 खातो. दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून 200 धरा. म्हणजे रोज 800 च्या आसपास. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी जवळपास 1,200 देते. तेवढ्याच क्षमतेची घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर बसते, आणि वजनाला ती दुप्पटीहून जास्त भरते. फ्रीज सोडून दिला तर मात्र हे सगळं गणित निम्म्याहून खाली येतं. पहिल्या प्रवासाला फ्रीज नको, असं मी सांगेन. दूध-भाजी रोज ताजी मिळते, आणि वाचलेल्या पैशांत आठवडाभराचं डिझेल येतं. गाडी चालू असताना मुख्य बॅटरीवरून दुसरी बॅटरी भरणारा चार्जर बसवा. दोन्ही बॅटरींच्या वायरवर फ्यूज हवाच, आणि हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

स्वयंपाकाला घरचा लाल सिलिंडर गाडीत घालू नका. 5 किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, तो उभा, पट्ट्यानं बांधून, आणि झोपताना रेग्युलेटर काढून ठेवा. स्वयंपाक गाडीबाहेर किंवा मागचं दार पूर्ण उघडून करा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही, माणूस झोपेतच जातो. दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, त्यांना आतून मच्छरदाणीची जाळी लावा. डोंगरात थंडीवर उपाय म्हणजे चांगली रजई आणि जाड गादी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळाला तर आवर्जून घ्या.

शिधा आपल्या घरचा चांगला टिकतो. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, तासगावचा बेदाणा, गूळ आणि थोडी हळद सोबत असली की पहिले काही दिवस बाहेर खायची गरज लागत नाही. ज्वारीचं पीठ मात्र थोडंच न्या, ते लवकर कडवट होतं. तीन लिटरचा कुकर एकच भांडं म्हणून पुरेसा आहे.

कागद

मूळ आरसी, मूळ विमा, मूळ लायसन्स, पीयूसी. मोबाइलमधले डिजिलॉकरचे कागद सीमेपलीकडं कोणी पाहत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र, कर्ज असेल तर बँकेचं पत्र घ्या. माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. फक्त आधार घेऊन निघू नका. पासपोर्ट नसेल तर आपला जिल्हा पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. पोलीस पडताळणीला लागणारा वेळ धरून दोन-तीन महिने आधी अर्ज करा.

विम्याबाबत एजंटला नेमकं विचारा: पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र नेपाळ-भूतानपर्यंत वाढवून द्या. जादा हप्ता भरून ही वाढ पॉलिसीवर लेखी मिळते. 'चालतंय साहेब' एवढ्या तोंडी उत्तरावर निघू नका. वाढीचा कागद हातात घ्या.

नेपाळ-भूतानला आपलं लायसन्स चालतं. इतर देशांसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देतं. तो एक वर्षासाठी असतो आणि त्याचं शुल्क एक हजार रुपये आहे.

सगळ्या कागदांच्या दहा-दहा झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो काढा. सीमेवर झेरॉक्सला उगाच पैसे आणि तास जातात.

कधी निघायचं, आणि आधी कुठं जाऊन यायचं

ऑक्टोबर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मार्च. मे महिन्यात उत्तर भारताच्या मैदानात गाडीत झोप लागत नाही, डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं सकाळ वाया जाते. पावसाळा तर नकोच. जुलै 2024 मध्ये नेपाळच्या नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या. आपण ज्या रस्त्यानं काठमांडूला जाणार तोच तो रस्ता. दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दशैं हा सण असतो, सारा देश गावी निघालेला असतो आणि कचेऱ्या बंद असतात, म्हणून तो काळ टाळून सीमा ओलांडा.

निघण्याआधी भरल्या गाडीनं दोन मुक्काम घरापासून जवळच करा. एक दंडोबाच्या डोंगराकडं किंवा सागरेश्वरच्या परिसरात, एक कोयनेच्या बाजूला. जाताना कुंभार्ली घाट उतरा आणि परत चढा. क्लचचा वास येतो का, उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी धरली जाते का, ब्रेक तापतात का, हे तिथंच कळलं पाहिजे. रात्री चार-पाच वेळा उठून पाहा: डास कुठून येतात, पाणी कुठं ठिबकतं, पलंग कोणत्या कोपऱ्यात कुरकुरतो. या दोन रात्रींतून निघालेल्या दुरुस्त्या घरीच करून निघा.

निघताना फॅन बेल्ट, एअर आणि ऑइल फिल्टर, क्लच केबल, जंपर केबल, पंक्चरचं किट, हवेचा पंप, दोन लिटर कूलंट घ्या. स्टेपनी चांगली हवी. चाकाचे बोल्ट घट्ट बसलेले असतात, ते सोडवायला लांब पाईप टॉमीवर, म्हणजे बोल्ट फिरवायच्या दांडीवर, चढवा.

सोनौलीपर्यंत

सांगलीकरांनी पुण्याचा आग्रह धरू नये. मिरजेहून सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, मग तुळजापूर, लातूर, नांदेड, नागपूर असा रस्ता आता चांगला झाला आहे. नागपूरहून सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज आणि गोरखपूर करून नेपाळच्या सीमेवरचं सोनौली. सतराशे-अठराशे किलोमीटर होतात. सातारकरांना पुणे, नाशिक, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौमार्गेही तेवढंच पडतं. दिवसाला साडेतीनशेच्या वर गाडी रेटू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा ठरलेली असावी. चालकानं सलग दोन तासांवर चाक धरू नये.

मुक्कामाला आपल्या देशात सगळ्यात बरे ते चोवीस तास चालणारे, शौचालय असलेले मोठे पेट्रोल पंप. आत शिरताच मॅनेजरला भेटा, डिझेल तिथंच भरा, आणि रात्री गाडी उभी करू का असं नीट विचारा. बहुतेक जागी हो म्हणतात. ट्रकवाले थांबतात ते ढाबे, गुरुद्वारे, तीर्थक्षेत्री भक्तनिवासाचं आवारही चालतं. हमरस्त्याच्या कडेला, एकाकी माळावर किंवा नदीच्या पात्रात नाही. गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावा, म्हणजे काही वाटलं तर फक्त किल्ली फिरवून निघता येतं.

सीमेवर

सोनौलीला कमानीपलीकडं बेलहिया आहे. तिथल्या भन्सार कार्यालयात, म्हणजे नेपाळच्या कस्टममध्ये, गाडीचे दिवसागणिक पैसे भरायचे असतात. दलाल गाडी थांबताच घेरतील. गाडी बाजूला लावा, एकजण गाडीतच थांबा, दुसऱ्यानं कागद घेऊन थेट खिडकीवर जा. भरलेल्या रकमेची पावती तिथंच वाचा: गाडीचा नंबर बरोबर आहे का, किती तारखेपर्यंतची मुदत आहे. मुदत संपल्यावर रोजचा दंड लागतो, म्हणून एक-दोन दिवस जास्तच भरा. भारतीय गाडीला वर्षाला एकूण 30 दिवसांची मर्यादा आहे. बाहेर पडताना नेपाळच्या पूर्व टोकाचा काकडभिट्टाचा नाका वापरणार असाल तर ते भरतानाच सांगा. ती पावती पुढं प्रत्येक तपासणीला दाखवावी लागते, आणि देश सोडताना परत द्यावी लागते.

घड्याळ 15 मिनिटं पुढं करा. आपल्या 100 रुपयांना 160 नेपाळी हा स्थिर दर आहे. शंभराच्या आणि लहान नोटा न्या. भारतीय यूपीआय काही दुकानांत क्यूआरवर चालतं, पण डोंगरात रोख लागते. नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. दारू पिऊन चालवण्याबाबत नेपाळचे पोलीस अतिशय कडक आहेत. एक घोटही नको.

लुंबिनी, तानसेन, पोखरा, चितवनचं सौराहा, काठमांडू आणि मग पूर्व-पश्चिम महामार्गानं काकडभिट्टा, हा सावकाश क्रम पुरतो. पोखरा-काठमांडू 200 किलोमीटरच, पण दिवस घेतं. नेपाळात मुक्कामाला छोट्या हॉटेलचं अंगण धरा. तिथं दालभात जेवा, भात-डाळ-भाजी पुन्हापुन्हा वाढतात, आणि त्या बदल्यात रात्रभर गाडी लावू द्या म्हणा. बाई-माणसं सोबत असली की मालकीणबाईंनाच विचारावं, काम लवकर होतं.

खर्च

दोघांचे 45 दिवस आणि सगळे मिळून 6,000 किलोमीटर धरू. लिटरला 12 किलोमीटर देणारी डिझेल गाडी 500 लिटर पिते. 92 रुपयांनी 46,000. जेवणाला दोघांचे रोज 600, म्हणजे 27,000. दर चौथ्या रात्री आंघोळ आणि कपडे धुण्यासाठी लॉज घ्यावंच, हजाराच्या आत मिळतं, अकरा रात्रींचे 11,000. टोल आणि भन्सारला पंधरा हजार, दुरुस्तीला वीस हजार वेगळे बांधून ठेवा. एक लाख वीस हजारांच्या आसपास होतं. यात वाचवायची जागा एकच, ती म्हणजे कमी किलोमीटर आणि एका गावात जास्त रात्री. गाडी उभी असते तेव्हा खर्च जेवणापुरताच राहतो. रोज पळणारी कॅम्परव्हॅन लॉजपेक्षा महाग पडते, हे कागदावर मांडून पाहा.

भूतान

काकडभिट्टातून पानीटंकीला भारतात या, सिलीगुडी करून जयगाव. सीमेपलीकडं भूतानचं फुंत्शोलिंग. भूतानमध्ये भारतीयांना माणशी रात्रीला 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, 6 ते 12 वयाच्या मुलांना निम्मं, त्याखालच्यांना माफ. दोघांच्या चार रात्री म्हणजे 9,600, वर हॉटेल. गाडी पुढं न्यायची तर तिचा रोजचा वेगळा मोठा कर आहे. गाडीत झोपण्याची सोय तिथं उपयोगी पडत नाही, कारण मुक्काम नोंदणीकृत हॉटेलातच करायचा असतो. म्हणून गाडी जयगावला पैसे देऊन विश्वासाच्या लॉजमध्ये लावा आणि शेअर टॅक्सीनं थिंफू-पारो करा. भारतीय रुपया तिथं बरोबरीनं चालतो, घड्याळ अर्धा तास पुढं.

युरोप हवंच असेल तर

गाडी जहाजानं पाठवू नका, तिकडंच भाड्यानं घ्या. 90 युरो शुल्काचा शेंगेन व्हिसा 180 दिवसांत 90 दिवस देतो आणि एकाच व्हिसावर अनेक देश होतात. जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाच्या वकिलातीकडं अर्ज करा, 30,000 युरोचा प्रवास विमा जोडा. साडेतीन टनांपर्यंतची कॅम्परव्हॅन साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाडं उतरतं. फ्रान्समध्ये आणि जर्मनीत कॅम्परव्हॅनसाठी खास मुक्कामाच्या स्वस्त जागा आहेत. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी मात्र टोलचा स्टिकर घ्यावा लागतो, आणि स्वित्झर्लंडचा फक्त वर्षाचाच मिळतो, 40 फ्रँकला. दोन दिवसांसाठी तिथं शिरणार असाल तर हा आकडा आधी हिशेबात धरा, आणि गाडी घेताना आधीच्या माणसानं लावलेला स्टिकर काचेवर आहे का ते पाहून घ्या.